कटनंतरचे नऊ सेकंद

दिग्दर्शक डार्ला मेब्रीला एका गाण्याच्या व्हिडिओबद्दल सोनेरी रिकिबीचा पुरस्कार चौथ्यांदा मिळाला, तेव्हा तिने व्यासपीठावरून चौदा जणांचे आभार मानले. मी मोजले. एक्केचाळीस सेकंदांत चौदा. देव, तिची आई, गायक, गायकाची आई, रेकॉर्ड कंपनीतली सहा माणसं, ज्यांच्या शेतावर शूटिंग झालं ते म्हातारं जोडपं, तिचा दातांचा डॉक्टर (का, ते कुणालाच कळलं नाही) आणि शेवटी ग्रेव्ही. ग्रेव्ही हा तिचा कुत्रा.

त्या व्हिडिओचा कॅमेरा मी चालवला होता. त्याआधीच्या तेरांचाही. मी सतराव्या रांगेत भाड्याच्या कोटात बसलो होतो आणि एका कुत्र्याचा मत्सर करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. ते मिटू नये म्हणून तिने खाली पहिली रिकीब लावून ठेवली होती. नॅशव्हिलमध्ये त्या रिकिबीसाठी माणसं देव पाण्यात घालून बसतात, आणि ही ती दाराखाली टेकण म्हणून घालते.

"डार्ला, मी आता तुझ्याबरोबर काम करणार नाही."

"बरं. मग कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही. मी दिग्दर्शन करणार."

"कर की. चांगलं करशील तू," ती म्हणाली आणि ओव्हनकडे वळली. "बिस्किटं आत्ताच काढलीत. खातोस का दोन?"

मी रागाने दोन खाल्ली आणि निघालो.

पुढची तीन वर्षं मी ट्रॅक्टरच्या जाहिराती केल्या, चर्चमधली लग्नं केली, टेनेसीतल्याच लेबनन गावच्या एका गादीवाल्याला गादीवर उड्या मारताना चित्रित केलं. आणि डार्लाचा प्रत्येक नवा व्हिडिओ आला, की घड्याळ हातात घेऊन पाहिला. मी कुकव्हिलच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलो आहे. त्यातलं फारसं काही उरलं नाही, पण सवय उरली: एखादी गोष्ट सहन होत नसेल तर ती मोजायची.

मी मोजत होतो तो शेवटचा शॉट. डार्लाच्या व्हिडिओंबद्दल लोक बोलतात ते त्याच एका गोष्टीबद्दल. गाणं संपतं, वाद्यं विरतात, आणि गायकाचा चेहरा तसाच पडद्यावर राहतो. तो आता गात नाही. दाखवायचं म्हणून चेहऱ्यावर जे आणलेलं असतं ते हळूहळू उतरतं, आणि खाली एक दमलेलं, थोडं घाबरलेलं, खरं माणूस दिसतं. पाहुणे गेल्यावर दार लावून वळलेल्या घरच्या बाईचा चेहरा असतो ना, तसं. समीक्षक लिहायचे, "मेब्रीने माणसाला गाण्याबाहेर पकडलं."

मेब्रीने नव्हे. मी पकडलं होतं.

आमच्या कामाची रीत अशी. सेटवर कुणी खरं गात नाही. आधी ध्वनिमुद्रित केलेलं गाणं कर्ण्यावर मोठ्याने लावतात आणि गायक त्यावर ओठ हलवतो. कॅमेरा चालवणाऱ्याच्या दोन्ही कानांवर हेडफोन असतात. त्यात तेच गाणं वाजतं आणि सोबत टिक टिक असे ठोके, म्हणजे कॅमेरा कुठे सरकवायचा ते अचूक कळतं. गाणं संपलं तरी ठोके काही वेळ वाजतच राहतात. त्यामुळे डार्ला "कट" म्हणाली, तरी मला ते ऐकू येत नसे. मला तिचा हात दिसायचा. वर धरलेला हात खाली आला की कट. आणि हात खाली आला तरी मी थांबत नसे.

पहिल्यांदा, आमच्या पहिल्याच व्हिडिओच्या वेळी, का थांबलो नाही ते सांगता येणार नाही. समोरच्या त्या गायकाचा चेहरा बदलत होता आणि बटणावरचं माझं बोट हललं नाही, इतकंच. पुढे ती सवय झाली. दुसऱ्यांच्या सेटवर कट म्हटलं की पळापळ होते. पावडरवाली बाई पुढे येते, कुणी पाणी आणतं, कुणी वायर गुंडाळायला लागतं. डार्लाच्या सेटवरची माणसं जरा आळशी होती. जागची हलायला वेळ लावायची. ते मला सोयीचं होतं. फक्त एक गोष्ट खुपायची: मी जेवायला त्यांच्या टेबलाशी गेलो की दिवे-सामान पाहणारा बक आणि बाकीची मंडळी एकदम गप्प व्हायची. एकदा मी विचारलं, "काय रे, काय चाललंय?" बक म्हणाला, "काही नाही रे, मक्याच्या पावाविषयी बोलत होतो." मक्याच्या पावाविषयी कुणी गप्प होत नाही.

तर अशी माझी खात्री होती: ती कट म्हणते, मी थांबत नाही, नंतर एडिटिंग करताना तिला तो तुकडा सापडतो, आणि ती रिकीब घेऊन येते. मी सोडून गेल्यावरही तिच्या व्हिडिओंत तो शॉट येतच होता. मागच्या नोव्हेंबरात तर तिला पाचवी रिकीब मिळाली. नव्या कॅमेरावाल्याला तिने माझी सवय शिकवली होती, दुसरं काय. माझा चोरलेला शॉट, लांबी कधी चार पूर्णांक एक सेकंद, कधी थेट नऊ पूर्णांक सहापर्यंत.

या एप्रिलमध्ये मला संधी मिळाली. शेल्बी कूट नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीचं एक गाणं होतं, खेड्यापाड्यांत टपाल वाटणाऱ्या बापावर लिहिलेलं. कंपनीत व्हिडिओचं काम पाहायला ग्रेटा स्विन ही बाई लॉस एंजेलिसहून नवीनच आली होती. रिवाजाप्रमाणे तिने गाणं चार दिग्दर्शकांना पाठवलं, आणि चौघांनी आपापली कल्पना दोन-तीन पानांत लिहून दिली. पाचवं टिपण मी न विचारता पाठवलं. तिने फोन केला.

"तुमचं टिपण मला आवडलं. टपालपेट्यांची रांग, बापाचीच गाडी, छान आहे. पण तुमच्या नावावर आहे काय? ट्रॅक्टर. आणि गादी."

"बाकी चौघांत डार्ला मेब्री आहे का?"

"ते मी सांगू शकत नाही."

"म्हणजे आहे."

ती हसली. मी माझ्याही नकळत बोलून गेलो, "तिचे शेवटचे शॉट माझे आहेत."

"म्हणजे?"

"ती कट म्हणायची, मी थांबायचो नाही. तिला ते एडिटिंगमध्ये कळायचं. तो चेहरा दिसला मला, तिला नाही. तुम्ही तिला काम दिलंत तर माझीच नक्कल विकत घ्याल."

"हे फार मोठं बोलताय तुम्ही," ग्रेटा म्हणाली. "दाखवू शकाल?"

"शुक्रवारपर्यंत."

पुरावा माझ्याकडे होता. चित्रीकरणाची मुख्य प्रत दिग्दर्शकाकडे आणि राखीव प्रत कॅमेरावाल्याकडे, अशी त्या काळी पद्धत होती. घरामागच्या शेडमध्ये एका बुटांच्या खोक्यात चौदाही व्हिडिओंचं मूळ चित्रीकरण पडून होतं. मला फक्त इतकं दाखवायचं होतं, की कट आधी झालं आणि चेहरा नंतर. त्यासाठी कट ऐकू यायला हवं होतं.

आणि तसा आवाज होता. कॅमेऱ्याला स्वतःचा एक बारका मायक्रोफोन असतो. त्यातला खरखरीत आवाज फक्त जुळवणीपुरता: त्यावरून गाणं चित्राशी जुळवायचं आणि मग तो बंद करून टाकायचा. पुन्हा तो कुणी उघडत नाही. मीही चौदा वर्षांत एकदाही उघडला नव्हता.

गुरुवारी दुपारी मी पहिल्या व्हिडिओचा आवाज उघडला. कर्ण्यावरचं गाणं, वारा, लांब कुठेतरी एक ट्रक. गाणं संपलं. डार्लाचा आवाज आला, "कट." मी हरखलो. लिहून घ्यायला पेन उचललं. तेवढ्यात बक हळूच म्हणाला, "डार्ला, ओरिनचा कॅमेरा चालूच आहे."

"बघतेय मी. राहू दे."

"सांगू त्याला?"

"अजिबात नाही. कळलं तर तो ते मुद्दाम करायला लागेल. कुणी हलू नका रे. ओरिन अजून थांबला नाही."

ओरिन म्हणजे मी. ओरिन टीग.

मी ते सहा वेळा ऐकलं. मग बाकीचे तेरा उघडले. त्यांतल्या अकरांत तेच वाक्य होतं, त्याच हळू आवाजात, कटनंतर साधारण एका सेकंदाच्या आत: "कुणी हलू नका. ओरिन अजून थांबला नाही." त्या अकरांपैकी एकात पावडरवाली बाई पुढे गेली असावी, कारण डार्ला दात-ओठ खात म्हणते, "लुआन, मागे हो, नाहीतर तुझा पगार कुत्र्याला देईन." उरलेल्या दोनांत वाराच इतका होता की काही कळत नाही.

म्हणजे माझं म्हणणं खरं होतं. मी स्वतःहून थांबलो नव्हतो. पण मी थांबलो नाही हे तिला पहिल्या सेकंदाला दिसलं होतं, आणि तीस माणसांना जागच्या जागी थिजवून ती माझ्याभोवती शांतता धरून उभी राहिली होती. अकरा वर्षं. आळशी नव्हती ती माणसं.

इथे एखाद्या भल्या माणसाला भरून आलं असतं. माझा मात्र जुनाच मत्सर नव्याने पेटला. चोरीला गेलेला शॉट मी मनातल्या मनात परत मिळवून बसलो होतो, आणि त्यातला निम्मा खरोखरच तिचा निघाला. वर ती उदारही निघाली. ग्रेटाने हे ऐकलं तर तिला काय वाटेल? हेच, की दिग्दर्शक असावी तर अशी.

पहिल्या व्हिडिओत "कट" आणि बकच्या आवाजामध्ये एकोणीस फ्रेमची शांतता आहे. एका सेकंदात चोवीस फ्रेम. मी एकोणिसाव्या फ्रेमवर आवाज कापला. पुढे फक्त चित्र, नि:शब्द. बाकीच्या तुकड्यांनाही तेच केलं. शुक्रवारी सकाळी पाठवून दिलं.

सोमवारी ग्रेटाचा फोन आला. "विलक्षण आहे हे. काम तुमचं."

त्याच संध्याकाळी डार्लाचा निरोप आला: "शेल्बीचं गाणं तुला मिळालं म्हणे. शाब्बास. पोरगी गुणी आहे. उन्हात तिचे डोळे फार मिचमिचतात, शूटिंग सकाळी लवकर घे."

मी शूटिंग दुपारी एक वाजता ठेवलं.

वॉटरटाउनच्या पुढे, खडीच्या रस्त्यावर, सात टपालपेट्यांच्या रांगेपाशी आम्ही गाडी लावली. शेल्बीच्या बापाचीच गाडी, बसल्या जागेवरून पेटीत टपाल टाकता यावं म्हणून उजवीकडे स्टिअरिंग असलेली. बाप स्वतः बरणीभर गोड चहा घेऊन कडेला खुर्चीत बसला होता. कॅमेऱ्यावर वेस नावाचा मुरलेला माणूस होता. पावडरला लुआन आणि दिव्यांना बक, कारण गावात चांगली माणसं मोजकीच आहेत आणि ती सगळ्यांकडे जातात. ग्रेटा तंबूखाली मॉनिटरसमोर बसली होती.

शेल्बीचे डोळे मिचमिचत होते.

"मिस्टर ओरिन, माफ करा हं," ती म्हणाली. "उजेड डोळ्यांत जातोय माझ्या."

"काही हरकत नाही," मी म्हणालो आणि तिच्या डोक्यावर सावलीला कापड ताणायला चाळीस मिनिटं घालवली. बक शिडीवरून म्हणाला, "सकाळी का नाही रे घेतलंस?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिला टेक. शेल्बी गाडीला टेकून गायली, छान गायली. गाणं संपलं. मी हात खाली आणला, "कट." वेसने बटण दाबून कॅमेरा बंद केला. लुआन पावडरचा पफ घेऊन धावली.

दुसरा टेक. मी वेसला आधी जाऊन सांगितलं, कट म्हटलं तरी थांबू नको. तो थांबला नाही. पण शेल्बीच्या चेहऱ्यावर काही उमटायच्या आत तिचा बाप चहाचा ग्लास घेऊन मध्ये आला. "दमलीस का गं बाळा?" पडद्यावर एक पाठ आणि एक टोपी.

तिसऱ्याला मी सगळ्यांना जमवून सांगितलं: कटनंतर कुणीही हलायचं नाही, कॅमेरा चालू असणार. कुणी हललं नाही. पण शेल्बीनेही ते ऐकलं होतं. गाणं संपल्यावर तिने मान किंचित वाकडी केली, लांब क्षितिजाकडे पाहिलं, आणि एक उसासा टाकला. गादीवाल्याने टाकला असता तसा.

"कसं झालं?" तिने आशेने विचारलं.

"चांगलं," मी म्हणालो. ग्रेटाने नुसतं घड्याळ पाहिलं.

मला तेव्हा समजलं, की जे मी कापून टाकलं होतं त्याच्याशिवाय उरलेलं चालत नाही. ते आधी सांगता येत नाही. नंतर सांगून उपयोग नाही. ते बरोबर एकोणीस फ्रेमनंतर, गाणाऱ्याला ऐकू जाणार नाही आणि बाकी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हणावं लागतं. आणि ऐकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं असावं लागतं.

चौथा टेक शेवटचा होता. चार वाजता टपालाची गाडी बापाला परत न्यायची होती. शेल्बीला मी म्हणालो, "आता कॅमेरा लांबूनच आहे, नुसती गाडीची चौकट घेतोय. तू निवांत गा." हे खोटं होतं. वेसला डोळ्याने खूण केली. गाणं सुरू झालं, संपलं. मी हात खाली आणला. "कट."

लुआनने पाऊल उचललं, आणि माझ्या तोंडून, माझ्याही ध्यानीमनी नसताना, हळूच निघालं, "कुणी हलू नका."

आणि शिडीपाशी उभ्या बकने, न पाहता, प्रार्थनेत शेवटी आमेन म्हणावं तसं पुढचं पुरं केलं: "ओरिन अजून थांबला नाही."

लुआनचं पाऊल तिथेच अधांतरी राहिलं. वायरवाला वाकलेला तसाच वाकून राहिला. बापाचा ग्लास ओठांपाशी थांबला, त्याला का ते माहीत नव्हतं तरी. आणि शेल्बीने गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर तळहात ठेवला, जसा म्हाताऱ्या घोड्यावर ठेवतात, आणि तिचा चेहरा उतरत उतरत एका लहान मुलीचा झाला, जी खिडकीशी बसून गाडीच्या आवाजाची वाट पाहते. मग ती थोडी रडली. मग नाक पुसलं.

मग तिने वर पाहिलं, आणि सगळे पुतळ्यासारखे उभे पाहून तिला हसू फुटलं.

"अय्या, हे तर मिस डार्लाचं! मी तिच्या दोन व्हिडिओंत गर्दीत उभी होते ना. दर वेळी म्हणते ती, ओरिन अजून थांबला नाही." ती बोलता बोलता थबकली. "थांबा. तो ओरिन तुम्ही? खरंच? मला वाटायचं ओरिन म्हणजे तिचा कुत्रा."

"कुत्र्याचं नाव ग्रेव्ही," मी म्हणालो.

बक शिडीला टेकून पोट धरून हसत होता. "अरे, आम्ही तुला कधी सांगितलंच नाही! तिने शपथ घातली होती. तू गेल्यावर तिला म्हटलं, आता तरी नाव बदल, आता कॅमेऱ्यावर तो नाही. तर म्हणाली, नाव कशाला बदलायचं, पद्धत त्याची आहे."

तंबूखालून ग्रेटा उठून आली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

"ती हे कटनंतर म्हणते?"

"दर वेळी, बाई," बक म्हणाला.

"तुम्ही पाठवलेल्या तुकड्यांत हे नव्हतं," ती मला म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तिला एडिटिंगमध्ये कळायचं."

"हो."

"मूळ चित्रीकरणात आहे?"

खोटं बोलता आलं असतं. वारा होता म्हणता आलं असतं. पण बक समोर उभा होता. "एकोणीस फ्रेमनंतर आहे," मी म्हणालो. "मी कापलं."

तिने मान डोलावली. "हा शॉट उत्तम आहे. व्हिडिओ आम्ही दाखवू, तुमच्याच नावाने. पुढचं गाणं मी मेब्रींना देईन." आणि ती गाडीकडे गेली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आधी मोजलं. कटपासून शेल्बीच्या हसण्यापर्यंत नऊ पूर्णांक तीन सेकंद. डार्लाचा सर्वांत लांब नऊ पूर्णांक सहा. सात फ्रेमनी मागे. मला ते लागलं, आणि लागलं म्हणून लाजही वाटली. मग कापलेले सगळे तुकडे पुन्हा जोडले आणि ग्रेटाला पाठवून दिले. मग डार्लाला फोन केला.

"बकने सांगितलं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "गाढव आहे तो. आता तू ते मुद्दाम करशील."

"केलं. तीन टेक वाया गेले."

"दुपारी घेतलंस ना?"

"हो."

"डोळे मिचमिचले?"

"हो."

ती हसली नाही. हसली असती तर मी फोन ठेवला असता. मागे ग्रेव्ही भुंकला, तिने त्याला गप्प केलं, आणि मग तीही गप्प राहिली. माफी मागायला हवी होती, आभार मानायला हवे होते, आणि मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. पण तिने फोन ठेवला नाही. मी सवयीने सेकंद मोजायला लागलो होतो. बारानंतर मोजणं सोडून दिलं.